पाचव्या गाळ्याचं माप

९ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की बाबांनी होकार दिला. ते बरोबर नाही. बाबा म्हणाले, "कर, तुला काय करायचंय ते." त्या वेळी ते एका फोटोच्या चौकटीला मागून खिळे मारत होते आणि दोन खिळे त्यांच्या ओठांत होते. ओठांत खिळे धरून बोललेलं वाक्य मी होकार म्हणून तुला कळवायला नको होतं. नंतर आईला विचारलं, हा होकार धरायचा का. आई म्हणाली, "नकार असता तर खिळे काढून बोलले असते." आईचं म्हणणं बहुतेक खरं आहे, पण बहुतेक.

तू लिहिलंयस, की फोन नको, फोनवर आपण भांडतो, जे काही असेल ते लिहून पाठव. म्हणून सगळं नीट लिहिते.

दुकान चालू आहे. फुटलेल्या खिडक्या, आरसे, फोटोच्या चौकटी. बाबा सकाळी शटर वर करतात, दुपारी जेवायला येतात, परत जातात. त्यावर तिघांचं घर चालतं, पण मी तिथे आणखी वीस वर्षं नुसती पावत्या लिहीत बसले तर माझं काय, हे कुणी विचारत नाही. मला ठेके घ्यायचेत. ऑफिसांतली पार्टिशनं, जिन्यांचे कठडे, दुकानांचे दर्शनी भाग. काच कारखान्यातून आणायची आणि बसवून द्यायची. बाबा म्हणतात, दुकानात गिऱ्हाईक आपल्या दारात येतं, ठेक्यात आपण त्याच्या दारात उभं राहतो. मी म्हटलं, मला नाही लाज वाटत दारात उभं राहायची. ते म्हणाले, "तुला नाही वाटत. दहा वर्षांनी तुझ्या गुडघ्यांना विचार."

सुरुवात लहानच ठेवणार आहे. दुसऱ्या मजल्याच्या वरचं काम घ्यायचं नाही, हे ठरलंय. बाहेरच्या भिंतीचं काम पहिलं वर्षभर घ्यायचं नाही. काच उचलायचे सक्शनचे दोन जोड जुने मिळाले. त्यातल्या एकाचं रबर कडक झालं होतं, ते बदलून घेतलं आणि दुकानातल्या मोठ्या आरशावर लावून एक अख्खी दुपार तसंच ठेवलं, सुटतं का बघायला. सुटलं नाही. आई म्हणाली, "या महिन्यात तुझ्या हातून तीन कप फुटले, आणि तू काचेचा ठेका घेणार." कप ओले असतात, असं मी म्हटलं.

टेम्पोसाठी उतरती घोडी बनवून घेतली. काच तिच्यावर उभी टेकते आणि खाली लाकडाच्या पट्टीवर बसते, जशी तू दुकानात केली होतीस तशीच, फक्त मोठी. मोजमाप तुझ्याच घोडीचं घेतलं. ती अजून तिथेच आहे. बाबांनी काढलेली नाही.

लंबूकाका माझ्याकडे फिटर म्हणून यायला तयार आहेत. म्हणाले, "तुझ्या बाबांकडे मी तीस वर्षं वर बघत काम केलं, आता तुझ्याकडे खाली बघत करतो." त्यांची उंची बघता हा विनोद ते प्रत्येकाला ऐकवत असणार.

एक गोष्ट मला समजली नाही. धंद्याची पाटी करायची म्हणून मी बाबांना विचारलं, तुमचं नाव वर टाकू का. लोक त्या नावाने ओळखतात. ते म्हणाले, "माझं नाव नको." मी म्हटलं, का? तर म्हणाले, "नको म्हटलं ना." या वेळी तोंडात खिळे नव्हते.

वहिनीला नमस्कार.

धाकटी

२७ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पाच ओळी. त्यातल्या चार काचेखालच्या रबराच्या पट्टीबद्दल आणि पाचवी, "सगळ्यांना नमस्कार", ती वहिनीच्या अक्षरात. तरी बरं वाटलं. रबराचं तू म्हणतोस तसंच करते.

पहिलं काम मिळालं. डॉक्टरीणबाई आहेत एक, लहान मुलांच्या. पहिल्या मजल्यावर नवीन दवाखाना करताहेत. बसायची खोली आणि जिना यांच्यामधली जुनी भिंत त्यांनी पाडून घेतली, कारण खोलीत उजेड नव्हता. आता तिथे काचेची भिंत हवी. पाच गाळे, पाच काचा, खालून वरपर्यंत. काचेच्या अलीकडे बाक, पलीकडे सरळ जिन्याची पोकळी, आणि खाली जिन्याच्या पायथ्याशी औषधं द्यायची खिडकी. लोक तिथे रांगेत उभे राहणार. मी त्यांना जाड, टफन केलेली, दोन पदरी काच सुचवली. त्या म्हणाल्या, "स्वस्तातली का नाही दाखवत?" मी म्हटलं, या जागेला स्वस्तातली नाही. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि हो म्हणाल्या.

टफन केलेली काच एकदा भट्टीतून निघाली की तिच्यावर काच कापायची हिरकणी चालत नाही, हे मी त्यांना समजावलं. मग कापता येत नाही, घासता येत नाही, जे माप कळवलं तेच येतं. म्हणून माप बरोबर हवं.

आणि माप घ्यायच्या दिवशी, शनिवारी, बाबा आले. मी बोलावलं नव्हतं. सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दारात उभे. "माप मी घेतो." दादा, खरं सांगते, मला हायसं वाटलं. रस्त्यात मी त्यांच्या एक पाऊल मागे चालत होते, शाळेत असताना चालायची तशी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि मग तुम्ही परत एकदा मोजणार ना?" मी म्हटलं, नाही. आमच्या घरात एकाने घेतलेल्या मापावर दुसरा टेप लावत नाही. आजोबांपासून तसं आहे. दोघांनी मोजलं की दोन आकडे येतात आणि मग चूक कुणाचीच नसते. त्या म्हणाल्या, "आणि कुणी मोजलंच तर?" मी म्हटलं, माझ्या भावाने एकदा मोजलं होतं, तो आता दुसऱ्या शहरात असतो. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. हसल्या. मीही हसले, आणि नंतर दिवसभर मला ते लागून राहिलं.

तुला राग येईल, पण त्या दिवसाबद्दल मी तुला कधी विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे. मला एवढंच माहीत आहे, की त्या शोरूमच्या मालकासमोर तू बाबांच्या मापावर टेप लावलीस, आकडा तोच निघाला, बाबांनी विचारलं "का मोजलंस?" आणि तू काही बोलला नाहीस. मग बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि चालत घरी आले. मी दार उघडलं. त्यांच्या हातात पिशवी नाही हे मला आधी दिसलं. चार वर्षं झाली.

बाबांनी पाचही गाळे मोजले. प्रत्येक गाळा खाली, मध्ये, वर, आणि दोन्ही बाजूंच्या उंच्या, शिडीवर चढून. मी आकडे लिहून घेतले. उतरले तेव्हा त्यांना घाम आला होता. खोलीच्या खिडक्या अजून उघडत नाहीत, उकडतं.

सोमवारी, म्हणजे आजच, काचांची ऑर्डर दिली.

धाकटी

१६ फेब्रुवारी

दादा,

काचा आल्या आणि पाचही बसल्या.

शुक्रवारी तीन, काल दोन. उचलायला दोन माणसं रोजाने आणली होती. लंबूकाका वरच्या बाजूला, मी खाली लेव्हल धरून. वरची खोबणी खोल आणि खालची उथळ ठेवली, तुमच्या काचेच्या कंपनीत करतात तशीच. काच आधी वर पूर्ण आत सारायची, खालचं टोक खोबणीवर आणायचं आणि हळूच खाली सोडायची. पहिली काच खाली बसली तेव्हा रबरावर नुसता दबका आवाज झाला. मी श्वास रोखून धरला होता. लंबूकाका म्हणाले, "आता सोड, नाहीतर तुलाच धरावं लागेल सक्शनने."

बाबा काल दुपारी येऊन गेले. पहिल्या काचेपासून चौथ्या काचेपर्यंत चालत गेले, हात मागे बांधून. म्हणाले, "सरळ आहे." एवढंच, पण त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

जिन्याला दोरी बांधलीय. सिलिकॉन पुरतं सुकायला आठवडा लागतो, तोवर कुणी खालून जायचं नाही, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांचे लोक मागच्या जिन्याने ये-जा करताहेत. तीन मार्चला, सोमवारी, दवाखाना सुरू व्हायचाय.

आई मजेत. मी काल जेवले नाही म्हणून रागावली.

एक सहज विचारायचं होतं. वरच्या खोबणीत काच किती आत असली म्हणजे तुमच्या कंपनीत पुरेसं धरतात?

धाकटी

२० फेब्रुवारी

दादा,

तू लगेच आकडा कळवलास आणि खाली लिहिलंस, "का?" एवढंच.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, पाचही काचा बसल्या. पाचही उभ्या आहेत, असं लिहायला हवं होतं. चार बसल्यात. पाचवी, जिन्याच्या टोकाची, खाली नीट आहे, पण वर एका कोपऱ्यात जवळजवळ नाहीच. बाकीच्या काचा वरच्या खोबणीत बोटाच्या पेराएवढ्या आत आहेत. ही त्या कोपऱ्यात नखाएवढी असेल. सिलिकॉन भरल्यावर बाहेरून पाचही सारख्या दिसतात. त्यांतली कुठली धरलेली नाही हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

मला शनिवारीच शंका आली होती. सिलिकॉन भरायच्या आधी लंबूकाका चहाला गेले तेव्हा मी शिडीवर चढले आणि फटीतून पत्र्याची पातळ पट्टी, आपली पत्री, आत सरकवून पाहिली. काचेला जिथे अडायला हवी होती तिथे ती अडली नाही. पुढे गेली. पत्री म्हणजे टेप नव्हे, असं मी स्वतःला समजावलं, म्हणजे मी माप घेतलेलं नाही. तू हसशील. मी खाली उतरले आणि लंबूकाकांना म्हटलं, भरा. का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. बाबा नुकतेच "सरळ आहे" म्हणून गेले होते.

त्यामुळे जिन्यावरची दोरी सिलिकॉनसाठी नाही. सिलिकॉनला आठवडा लागतो हे खरंच आहे, आणि म्हणूनच मला ते बोलताना जड गेलं नाही. पण परवा आठवडा संपतो.

आणि आणखी एक. मी लिहिलं होतं, की बाबांनी पाचही गाळे शिडीवर चढून मोजले. चार मी पाहिले. पाचव्याच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंबरोबर आतल्या खोलीत होते, त्यांना दाराची कडी कुठल्या बाजूला हवी ते बघत होते. बाहेर आले तेव्हा बाबा खाली होते, भिंतीला पाठ लावून, आणि त्यांनी आकडा सांगितला. चौथ्या गाळ्याचाच आकडा होता. मी लिहून घेतला. सारखे गाळे सारखेच असणार, मला काही वेगळं वाटलं नाही. पण त्या टोकाला वरची तुळई जरा वर चढत जाते असा आता मला संशय आहे. डोळ्यांना दिसत नाही.

त्या कोपऱ्यात माप घ्यायचं तर शिडी अगदी काठाला लावावी लागते. एका बाजूला खोली, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, थेट खाली औषधांची खिडकी. मी शनिवारी पत्री घेऊन चढले तेव्हा काच मध्ये होती तरी शिडीवरचा एक हात मी सोडला नाही.

काल लंबूकाकांना गाठलं. त्यांच्या घरी गेले, ते पायरीवर बसून बूट पुसत होते. मी म्हटलं, काका, बाबा शिडीवर चढतात का अजून?

"चढतात की. दुकानात माळ्यावर रोज चढतात."

"काका."

त्यांनी बूट उलटा करून तळ पाहिला. म्हणाले, "पाच पायऱ्यांपर्यंत चढतात. त्याच्या वर त्यांना फिरतं."

"कधीपासून?"

"तुझा भाऊ इथे होता तेव्हापासून. त्याच्याही आधी थोडं."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्या शोरूमला बाबा वर चढलेच नव्हते. लंबूकाकांनी वरून आकडा सांगितला आणि बाबांनी खाली लिहिला, आणि मालकाला सांगितलं माप मी घेतलं. तू उशिरा पोचलास. कशावरून कोण जाणे, पण तुला कळलं की बाबा चढलेले नाहीत. लंबूकाका चढले होते हे तुला माहीत नव्हतं. तुला वाटलं कुणीच मोजलेलं नाही. म्हणून तू टेप लावलीस. आणि बाबांनी सगळ्यांसमोर "का मोजलंस?" विचारलं तेव्हा तुझ्याकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ते तू दिलं नाहीस.

मी काकांना म्हटलं, तुम्ही तरी बोलायचं होतं. ते म्हणाले, "तुझ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. शपथ नाही, काही नाही. नुसतं बघितलं. मी एवढा उंच माणूस, पण मला तिथे लपायला जागा सापडली."

"आणि दवाखान्याचं माप घेतलं त्या शनिवारी?"

"त्या दिवशी मी दुसऱ्या कामावर होतो, बाई. तूच पाठवलं होतंस."

हे खरं आहे. मीच पाठवलं होतं.

दादा, चार वर्षं मी समजत होते की तू उर्मट आहेस. आईसुद्धा. मी तुझी बाजू विचारली नाही कारण मला ती ठाऊक आहे असं वाटत होतं. ते मी दुरुस्त करतेय, पण एका ओळीत होण्यासारखं नाही, आणि आत्ता मला त्याहून जवळचं संकट आहे. बाबांनी पाटीवर नाव का नको म्हटलं तेही आता मला वेगळं दिसतंय.

मी काय करू हे विचारत नाही. काच काढावी लागेल हे मला कळतं. पण काढायची म्हणजे नवी मागवायची, नवी मागवायची म्हणजे मापायचं, आणि मापायचं म्हणजे बाबांच्या मापावर टेप लावायची, डॉक्टरीणबाईंसमोर, लंबूकाकांसमोर. तू जिथे उभा होतास तिथेच. मला फक्त एवढं सांग, बाबांनी पिशवी खाली ठेवून चालायला सुरुवात केली तेव्हा तू मागे का गेला नाहीस?

धाकटी

२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं. "गेलो होतो. चौकापर्यंत. त्यांनी मागे पाहिलं नाही." या वेळी रबराबद्दल काही नाही. मी ते आईला वाचून दाखवलं नाही. दाखवीन.

शनिवारी आठवडा संपला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दोरी सोडू का? मी म्हटलं, नका. म्हणाल्या, सुकलं नाही अजून? आता यावर सिलिकॉनचं नाव घेतलं असतं तर ते सरळ खोटं झालं असतं. मी म्हटलं, सुकलंय. पाचवी काच वर आखूड पडतेय, ती काढून दुसरी बसवावी लागेल. त्यांनी पाचव्या काचेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चूक कुणाची?"

मी म्हटलं, "माप आमच्या घरातलं आहे आणि ठेका माझा आहे." हे वाक्य मी दोन दिवस घासून ठेवलं होतं. त्यात खोटं काही नाही, मी पुन्हा पुन्हा तपासलं.

"मी घर विचारलं नाही," त्या म्हणाल्या. पण पुढे त्यांनी ताणलं नाही. म्हणाल्या, जिना बंद ठेवून दवाखाना सुरू करता येईल का ते बघते, पण नवी काच किती दिवसांत येईल ते मला नक्की सांगा. मी म्हटलं, माप कळवल्यापासून कारखाना बारा दिवस घेतो. "मग माप कधी कळवताय?" मी म्हटलं, येत्या आठवड्यात.

काल रविवारी दुपारी मी दुकानात गेले. शटर अर्धं खाली होतं. बाबा एका खिडकीसाठी साधी काच कापत होते. मी त्यांना कापू दिलं. रेघ ओढून झाली, त्यांनी कडेला टिचकी मारली, काच सरळ दोन झाली. हात अजून तसाच आहे, दादा. हात हललेला नाही.

मी म्हटलं, "बाबा, पाचवी काच वर कमी जाते."

"किती?"

"जिन्याच्या कोपऱ्यात नखाएवढी धरलीय."

त्यांनी काचेचे तुकडे बाजूला उभे केले. "टेप लावलीस?"

"नाही. पत्री घातली."

"पत्री घालायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. शंका आली."

"खाली ठोकळे दे. वर जाईल."

"वर गेली की खालून सुटते. खालची खोबणी उथळ आहे."

"मग सिलिकॉन भरलंय ना? धरतं ते. मी आयुष्यभर भरलं."

"धरतं," मी म्हटलं. "पण औषधांच्या रांगेत त्याच्या खाली मी उभी राहणार नाही. तुम्ही राहाल?"

त्यांनी हिरकणी डबीत ठेवली. मग डबी उघडून परत बाहेर काढली आणि कपड्याने पुसली. बाहेरून कुणीतरी शटरखालून वाकून विचारलं, आरसा मिळेल का, तर म्हणाले, "उद्या या." गिऱ्हाईकाला उद्या या म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

मग म्हणाले, "मी खाली बघायला नको होतं."

मी टेबलावरचे काचेचे कण कागदात गोळा करायला लागले.

"चौथ्याच्या वेळीच बघितलं. मग पाचव्याला पायरीवर पाय ठेवला आणि..." त्यांनी हात जरासा हलवला, पाण्यात हलवावा तसा. "लंबू बोलला वाटतं तुला."

"मी विचारलं म्हणून."

"त्याचं तोंड उंचावर आहे, लांबपर्यंत ऐकू जातं." मग, माझ्याकडे न बघता, "आणि तो? तो काय म्हणतो?"

चार वर्षांत पहिल्यांदा तुझा विषय निघाला, दादा. नावाने नाही, पण निघाला. मी म्हटलं, "तो कधीच काही बोलला नाही. मला काकांकडून कळलं. त्याने ना मला सांगितलं ना आईला. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही."

बाबा आत हात धुवायला गेले. नळ खूप वेळ चालू होता. बाहेर आले तेव्हा चेहराही ओला होता, तो धुतलेला होता की काय ते मी ठरवणार नाही.

मी म्हटलं, "मी माप घेणार आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. लपून घेता येईल, पण लपून मला नाही घ्यायचं."

"सगळ्यांसमोर घेणार."

"डॉक्टरीणबाई असतील. काका असतील. आकडा मी मोठ्याने वाचणार नाही, फक्त लिहून घेणार."

"आणि कुणी विचारलं का मोजतेस, तर?"

"सांगेन, काच माझ्या सहीने लागणार आहे, म्हणून."

"आणि मी?"

मी म्हटलं, "ते तुम्ही ठरवा." ते म्हणाले, "मी तिथे येणार नाही," आणि शटर पूर्ण वर केलं, म्हणजे मी जावं.

संध्याकाळी जेवताना ते आईशी भाजीबद्दल बोलले, माझ्याशी नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता या घरात कोण कुणाशी बोलत नाही याची मला एक यादी करून द्या, म्हणजे वाढताना गोंधळ नको." कुणी हसलं नाही. पण बाबांनी आमटी मागितली, तीही माझ्याकडे.

तुला सगळं लिहितेय तर भीतीही लिहिते. पाचव्या गाळ्याची खोबणी लंबूकाकांनी बसवली. ती वाकडी बसली असेल आणि बाबांचा अंदाजाने सांगितलेला आकडाच खरा असेल, असं होऊ शकतं. पत्रीवरून ते कळत नाही. टेपनेच कळेल. तसं निघालं तर काच बरोबर, खोबणी दुरुस्त करायची, आणि मी म्हणजे तू. बाबांचं माप खरं असताना चार लोकांसमोर त्याच्यावर टेप लावणारी दुसरी. आज सकाळपासून मी मनात दोन्ही बाजूंनी हेच मोजतेय. माप चुकलेलं निघावं असं वाटायला लागलं की लाज वाटते, बरोबर निघावं असं वाटलं की त्या शोरूममधला तू आठवतोस.

पण काच तशीच ठेवणं हा तिसरा रस्ता नाही, हे मी स्वतःला बजावलंय. परवा डॉक्टरीणबाईंकडे एक बाई मुलाला घेऊन आली होती, दवाखाना सुरू झालाय का बघायला. मूल दोरीखालून वाकून जिन्यात जायला निघालं, बाईने दंडाला धरून मागे ओढलं. मी वरून काचेतून पाहत होते. त्याच कोपऱ्यातून.

तू ये असं मी लिहीत नाही. यायचं का ते तू ठरव, आणि आलास तर माझ्यासाठी येऊ नकोस. बाबा येतील की नाही तेही मला माहीत नाही. आज सकाळी ते निघाले तेव्हा पिशवीत टेप होती का ते मी पाहिलं. होती. त्यावरून काही धरायचं नाही, ती नेहमीच असते.

कारखान्यात कळवून ठेवलंय, की नवा आकडा मापाच्या दिवशी दुपारपर्यंत पाठवते किंवा जुना तसाच राहतो म्हणून कळवते. डॉक्टरीणबाईंना नऊची वेळ सांगितलीय. शिडी लंबूकाका धरतील, आणि माझ्या कमरेला दोर असेल, तो मी स्वतः बांधणार. घरातून निघताना मी बाबांना एकदा, दारातून, सांगून जाणार. गुरुवारी, सत्तावीस तारखेला, मी त्यांच्या मापावर टेप लावणार आहे.

धाकटी